इन्फ्ल्युएंझाची लस टोंचून घ्यावी कीं नाहीं ?

पावसाळ्याच्या सत्रांत सकाळीं हजेरी घेतांना ‘आजारी’ हा शब्द जितक्या वेळां ऐकूं येतो, तितका तो वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याहि भागांत ऐकूं येत नाहीं. एका बांकावरचा मुलगा खोकूं लागला म्हणजे आठवड्याच्या आंत त्याच्या पुढचा व मागचा बांक रिकामा पडतो, हा आम्हां शिक्षकांच्या नित्य अनुभवांतला प्रकार आहे. ह्या तापाला कोणी ‘व्हायरल’ म्हणतात, कोणी ‘फ्ल्यू’ म्हणतात, आणि कोणी ‘हवा बदलली’ एवढें बोलून सोडून देतात. त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ साधें पडसें असतें. कांहींचें मूळ मात्र खरा इन्फ्ल्युएंझा असतो, आणि त्यावर दरवर्षीं नवी लस निघते. ती घ्यावी कीं न घ्यावी, असें पालक आम्हांस वारंवार विचारतात. आम्ही वैद्य नाहीं. तथापि विज्ञान शिकविणाऱ्यानें ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेंच सांगून मोकळें व्हावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. डॉक्टरांकडे गेल्यावर काय विचारावयाचें, तें तरी मनुष्यास घरून निघतांना ठाऊक असावें.

प्रथम पडसें व इन्फ्ल्युएंझा ह्यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पडसें दबकत येतें : आधीं घसा खवखवतो, मग नाक वाहूं लागतें, आणि मनुष्य कुरकुरत का होईना, आपलें काम करीत राहतो. इन्फ्ल्युएंझा एकाएकीं येतो. सकाळीं धडधाकट असलेला मुलगा संध्याकाळीं अंथरुणाला खिळतो. डोकें, कंबर, पिंढऱ्या ठणकूं लागतात, कोरडा खोकला सुटत नाहीं, आणि ताप उतरल्यावरहि आठवडाभर अंगांत त्राण राहत नाहीं. धडधाकट माणसें बहुधा आठ दिवसांत बरीं होतात. परंतु वृद्ध, तान्हीं मुलें, गर्भवती स्त्रिया, आणि दमा, मधुमेह, हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेले लोक ह्यांच्या बाबतींत हा ताप फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होण्याचें भय असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें ह्या हंगामी रोगानें जगांत दरवर्षीं २,९०,००० ते ६,५०,००० माणसें श्वसनाच्या विकारांनीं मृत्यु पावतात. तेव्हां ‘फ्ल्यू म्हणजे काय, चार दिवसांचा ताप’ हें म्हणणें बहुतेकांच्या बाबतींत खरें, पण सर्वांच्या बाबतींत खरें नव्हे. आणि लसीचा सगळा प्रश्न ह्या ‘बहुतेक’ व ‘सर्व’ ह्यांमधील अंतराचा आहे.

आमच्या प्रांतानें हा रोग त्याच्या अत्यंत उग्र रूपांतहि पाहिला आहे. १९१८ सालच्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई तापानें आजारी पडले, आणि तेथून ती साथ शहरभर पसरली. पावसाळा संपतां संपतां तिची दुसरी लाट आली, ती पहिलीहून कितीतरी भयंकर होती. जुनीं माणसें तिला ‘मानमोडी’ म्हणत. घरेंच्या घरें ओस पडलीं, आणि एकंदर हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. पुढें २००९ सालीं त्याच जातीच्या विषाणूचें एक नवें रूप ‘स्वाइन फ्ल्यू’ ह्या नांवानें जगभर फिरलें. आपल्या देशांतील त्या साथीचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजीं पुण्यांत गेला, आणि तो एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. त्या वेळीं पुण्यांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेंच रूप आतां आपल्यांत वस्तीला राहिलें असून दरवर्षींच्या हंगामी तापांत त्याचा वाटा असतो.

१९१८ सालीं ह्या रोगाचें कारण कोणालाच नक्की कळलेलें नव्हतें. अनेक शास्त्रज्ञ एका जंतूकडे बोट दाखवीत, पण तो खरा अपराधी नव्हता. १९३३ सालीं लंडन येथें विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ ह्या तिघांनीं फेरेट नांवाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यास मनुष्याचा हा रोग लावून दाखविला आणि विषाणु हातीं लागला. कोंबडीच्या अंड्यांत तो वाढवितां येतो असें आढळल्यावर लस करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील सैनिकांवर ह्या लसीचे प्रयोग झाले व ते चांगले वठले. पण १९४७ सालीं विषाणूनें आपलें रूप इतकें पालटलें कीं आदल्या वर्षापर्यंत उपयोगी पडलेली लस जवळजवळ निकामी ठरली. ‘देवी एकदां काढल्या कीं पुष्कळ वर्षें काळजी नाहीं, मग हिलाच दरवर्षीं कां टोंचावें ?’ असें लोक विचारतात, त्याचें उत्तर ह्या गोष्टींत आहे.

विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचीं प्रथिनें कांट्यांसारखीं उभीं असतात. एकाचें नांव हिमॅग्लुटिनिन व दुसऱ्याचें न्यूरामिनिडेज. ‘एच् वन् एन् वन्’ ह्या नांवांतील एच् व एन् तीं हींच. पहिल्यानें विषाणु आपल्या पेशींस चिकटतो. दुसऱ्यानें नवे विषाणु पेशींतून सुटून बाहेर पडतात. आपलें शरीर हे कांटे पाहूनच शत्रूला ओळखतें. आतां असें समजा, कीं दारावर एक पहारेकरी आहे व त्याला एका भामट्याचें छायाचित्र देऊन ठेवलें आहे. भामटा दर खेपेस मिशा थोड्या थोड्या कातरून, पगडीची तऱ्हा बदलून येऊं लागला, तर पहारेकरी कांहीं काळ त्याला ओळखील, पुढें घोंटाळेल, आणि शेवटीं सलाम करून आंत सोडील. इन्फ्ल्युएंझाचा विषाणु आपली नक्कल करतांना सारख्या चुका करतो, आणि त्या चुकांनीं त्याचे कांटे बदलत जातात. म्हणून पहारेकऱ्यास दरवर्षीं नवें छायाचित्र द्यावें लागतें. शिवाय जुन्या लसीनें आलेली शक्ति कांहीं महिन्यांनीं ओसरूं लागते, तें दुसरें कारण.

हें नवें छायाचित्र कोण काढतो ? जगांत ठिकठिकाणीं रोग्यांच्या नाकांतील व घशांतील नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणु संस्था, जी १९५२ सालीं निराळ्या नांवानें स्थापन झाली, ती त्यांतलीच एक. ह्या सर्वांच्या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदां निर्णय देते : फेब्रुवारींत उत्तर गोलार्धाच्या लसीसाठीं व सप्टेंबरांत दक्षिण गोलार्धाच्या. निर्णयापासून लस बाजारांत येईपर्यंत सुमारें सहा महिने लागतात. म्हणजे सहा महिन्यांनंतर कोणता विषाणु पसरेल ह्याचें तें अनुमान असतें, आणि अनुमान कधीं कधीं चुकतें. एका बाबतींत मात्र काम सोपें झालें आहे. ब वर्गाच्या विषाणूंची ‘यामागाता’ नांवाची एक शाखा मार्च २०२० नंतर खात्रीपूर्वक कोठेंच आढळलेली नाहीं. कोरोनाच्या साथींत लोकांनीं तोंडें झांकलीं, प्रवास थांबविले, त्या ओघांत ती नाहींशी झाली असावी. म्हणून चार जातींच्या लसीऐवजीं पुन्हा तीन जातींची लस पुरे, असें आतां तज्ज्ञांचें मत आहे.

आतां मुख्य प्रश्न : ही लस गुण तरी किती देते ? येथें दोन्ही बाजूंचे लोक अतिशयोक्ति करितात, म्हणून आम्ही थोडें सावकाश जातों. लस विषाणूशीं चांगली जुळली त्या वर्षीं ती रोगाचा धोका शेंकडा ४० ते ६० इतका कमी करते. न जुळली तर त्याहून कमी. हा कांहीं अभेद्य किल्ला नव्हे; त्याला फार तर चांगली छत्री म्हणावें. ‘कॉक्रेन’ ह्या नांवाच्या अभ्यासकांच्या संस्थेनें २०१८ सालीं अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले. त्यांत लस न घेतलेल्या १,००० निरोगी प्रौढांपैकीं एका हंगामांत सुमारें २३ जणांस इन्फ्ल्युएंझा झाला, व लस घेतलेल्या १,००० पैकीं सुमारें ९ जणांस. आमच्या विद्यार्थ्यांनीं वजाबाकी व भागाकार करून पाहावा : एका माणसाचा ताप टाळण्यासाठीं सुमारें ७१ जणांस टोंचावें लागतें. वृद्धांच्या बाबतींत हाच आंकडा सुमारें ३० येतो, कारण त्यांच्यांत रोगाचें प्रमाणच अधिक आढळलें.

ह्या एकाच आंकड्यावरून एकजण म्हणतो, ‘पाहा, सत्तर जणांनीं उगीचच सुई खाल्ली’. आणि दुसरा म्हणतो, ‘धोका निम्म्याहून कमी झाला.’ दोघेहि खरें बोलतात. निरोगी तिशीच्या तरुणानें, जो घरीं एकटाच राहतो व चार दिवस रजा घेऊं शकतो, लस घेतली नाहीं, तर आम्ही त्याला मूर्ख म्हणणार नाहीं. पण तापानें ज्याचा जीव धोक्यांत येऊं शकतो त्याच्यासाठीं, किंवा अशा माणसाजवळ जो राहतो त्याच्यासाठीं, तोच हिशेब निराळा होतो.

भीतीविषयींहि बोललें पाहिजे, कारण न घेणाऱ्यांपैकीं निम्मे लोक हिशेबानें नव्हे, भीतीनें मागें राहतात. ‘लस घेतली आणि तीमुळेंच फ्ल्यू झाला’ ही तक्रार सर्वांत जुनी. टोंचावयाच्या लसींत मारलेला विषाणु अथवा त्याचे तुकडे असतात. मेलेल्यापासून रोग होत नाहीं. एक-दोन दिवस दंड दुखतो, अंग मोडून येतें, बारीक ताप येतो. तो रोग नसून शरीराची कवायत होय. लसीचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात, आणि त्या अवधींत दुसरीकडून रोग लागला तर दोष बिचाऱ्या सुईच्या माथीं बसतो. शिवाय साधीं पडशीं ह्या लसीनें थांबत नाहींत, तीं होतच राहतात.

दुसरी भीति अधिक खरी आहे, म्हणून ती लपवूं नये. १९७६ सालीं अमेरिकेंत नव्या साथीच्या धास्तीनें चार कोटींहून अधिक लोकांस घाईघाईनें लस टोंचली. साथ आलीच नाहीं. मात्र लस घेतलेल्यांत दर लाखामागें सुमारें एकास हातपाय लुळे पडण्याचा ‘गीयाँ-बारे’ नांवाचा विकार अधिक झाला, व तो कार्यक्रम थांबविण्यांत आला. आतांच्या लसींत असा धोका आढळलाच तर तो दहा लाखांत एक-दोन इतका आहे, आणि खुद्द इन्फ्ल्युएंझानेंहि तो विकार होऊं शकतो. ज्यास पूर्वीं हा विकार झाला असेल, किंवा ह्याच लसीनें ज्यास पूर्वीं जोराची ॲलर्जी आली असेल, त्यानें डॉक्टरांस तसें आधीं सांगितलें पाहिजे. अंडें न सोसणाऱ्यांस पूर्वीं ही लस देत नसत. आतां तेवढ्याच कारणानें नाकारीत नाहींत. टोंचण्याविषयींचें भय आपल्याकडे नवें नाहीं. मुंबईंत प्लेग आला तेव्हां डॉ. हाफकिन ह्यांनीं आपली लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती, आणि तरीहि लोक पळून जात. पळणाऱ्यांस हंसण्यापेक्षां त्यांना समजावून सांगणारा मनुष्य बरा, असें आमचें मत आहे.

निर्णय प्रत्यक्ष कसा होतो, ह्याचें एक उदाहरण आमच्या ओळखीच्या घरांतलें देतों. शाळेंतील एका शिपायाचें कुटुंब सहा माणसांचें : सत्तरीची आई, तिला मधुमेह व दमा, तो स्वतः व त्याची पत्नी, थोरला मुलगा व त्याची सहा महिन्यांची गर्भवती बायको, आणि सहावींत शिकणारा धाकटा. एका टोंचणीस हजार-दोन हजार रुपये पडतात, आणि त्याच्याजवळ दोन टोंचण्यांपुरते पैसे होते. ‘मास्तर, कोणाला देऊं ?’ असें त्यानें आम्हांस विचारलें. सुनेचें नांव आम्हीं प्रथम घेतलें. गरोदरपणीं हा ताप जड जातो, आणि सहा महिन्यांच्या आंतील बाळास ही लस देतांच येत नाहीं. पण आईनें गरोदरपणीं ती घेतली तर तिच्या रक्तांतील संरक्षण बाळाला मिळतें व पहिले कांहीं महिने त्याच्या उपयोगी पडतें. एका घरांत एकाच खर्चांत दोघांची सोय होते, असें हें एकच ठिकाण आहे.

दुसरी टोंचणी आजीला, असें आम्हीं म्हणतांच आजींनीं हात झटकला. ‘मी पिकलं पान. माझ्यावर कशाला पैसे घालता ? नातवाला द्या, त्याची शाळा बुडते.’ हें बोलणें मायेचें होतें, आणि त्यांत थोडें तथ्यहि होतें. म्हाताऱ्या शरीरांत लस तरुणांइतकी जोमानें लागू पडत नाहीं हें खरेंच आहे. पण नातू आजारी पडला तर आठ दिवसांनीं पुन्हा खेळूं लागण्याचाच संभव अधिक. आजी पडल्या तर दवाखान्यांत ठेवावें लागण्याची भीति, आणि त्या एका आठवड्याच्या खर्चांत साऱ्या घराच्या कित्येक वर्षांच्या टोंचण्या झाल्या असत्या. हा हिशेब त्यांना पटला नाहीं. शेवटीं आम्हीं विचारलें, ‘आजी, ऑगस्टांत बाळ होईल, त्याला न्हाऊमाखू कोण घालणार ?’ ‘मी नाही तर कोण ?’ ‘आणि तुम्हांला ताप-खोकला असला तर ?’ त्या कांहीं वेळ गप्प बसल्या. मग सुनेबरोबर जाण्यास तयार झाल्या. शिपायानें स्वतःसाठीं पुढील वर्षीं पाहूं असें ठरविलें. हा निर्णय सर्वोत्तम होता असें आम्ही म्हणत नाहीं. हातांत असलेल्या पैशांत तो योग्य होता. सरकारी रुग्णालयांत गर्भवतींस व जोखमीच्या लोकांस ही लस मोफत मिळण्याची सोय त्या वर्षीं आहे काय, ह्याची चौकशी मात्र गरजूंनीं आधीं करावी.

मग शाळेच्या मुलांचें काय ? घरोघर ताप नेणारे हरकारे तीं मुलेंच असतात. जपानांत १९६२ पासून पुष्कळ वर्षें शाळेंतील मुलांस सरसकट ही लस टोंचीत असत. १९८७ पासून पालकांस नकार देण्याची मोकळीक मिळाली व १९९४ सालीं तो क्रम संपला. २००१ सालीं कांहीं संशोधकांनीं जुने आकडे तपासून असा अंदाज काढला, कीं त्या टोंचण्यांनीं दरवर्षीं ३७,००० ते ४९,००० मृत्यु टळत होते, आणि ते बहुतांशीं आजी-आजोबांचे. अर्थात् हें आंकड्यांवरून बांधलेलें अनुमान आहे, समोर मोजलेली गोष्ट नव्हे. मोजून पाहण्याचा प्रयोग कॅनडांत झाला. तेथें हटराइट नांवाचे ख्रिस्ती लोक सामायिक मिळकतीच्या वसाहती करून राहतात व एका पंगतीस जेवतात. आमच्या वसतिगृहासारखाच प्रकार. अशा ४९ वसाहती प्रयोगास घेऊन २००८-०९ च्या हंगामांत कांहींतील ३ ते १५ वर्षांच्या मुलांस इन्फ्ल्युएंझाची लस दिली व इतरांतील मुलांस दुसऱ्याच रोगाची. ज्यांना कांहींच टोंचलें नव्हतें अशा मोठ्या माणसांत इन्फ्ल्युएंझाचें प्रमाण पहिल्या वसाहतींत शेंकडा ६१ नीं कमी आढळलें. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनीं ह्या आंकड्याकडे अवश्य पाहावें. आठ वर्षांपर्यंतच्या मुलास पहिल्या वर्षीं चार आठवड्यांच्या अंतरानें दोन टोंचण्या लागतात, हेंहि पालकांनीं लक्षांत ठेवावें. सक्ति मात्र कोणी करूं नये; पालकांची संमति घेऊनच हें काम व्हावें.

वेळेविषयीं आपल्याकडे फार घोटाळा होतो. पाश्चात्य देशांतील पुस्तकें वाचून कित्येक लोक ऑक्टोबरांत लस शोधूं लागतात. त्यांच्याकडे हा रोग हिंवाळ्याचा आहे, श्रीनगरकडेहि तसाच. परंतु महाराष्ट्रांत त्याचा जोर जुलै ते सप्टेंबर ह्या पावसाळी महिन्यांत असतो. म्हणून येथें लस एप्रिल-मे महिन्यांत घेणें सोयीचें, आणि ती दक्षिण गोलार्धासाठीं ठरलेली चालू वर्षाची असावी. शाळेच्या दृष्टीनें ह्याहून चांगला मुहूर्त नाहीं. परीक्षा संपलेली असते, सुट्टी असते, दंड दुखला तरी कोणाचा गृहपाठ अडत नाहीं, आणि जून उजाडून शाळेच्या खिडक्या पावसासाठीं बंद होतात तेव्हां लस कामाला लागलेली असते. वेळ चुकली तर पावसाळा चालू असतांना घेतलेलीहि फुकट जात नाहीं.

लस घेतली म्हणजे बाकीचें सोडून द्यावें असें नव्हे. खोकतांना तोंडावर रुमाल धरणें, हात साबणानें धुणें, वर्गाची निदान एक खिडकी उघडी ठेवणें, आणि ताप असतां घरीं राहणें, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. ह्यांतल्या शेवटच्या उपायाच्या आड आम्ही शिक्षकच येतों. पूर्ण हजेरीचें बक्षीस चुकूं नये म्हणून तापानें फणफणलेला मुलगा वर्गांत येऊन बसतो आणि तीस जणांस प्रसाद वांटतो. त्या बक्षिसाच्या हिशेबांतून तापाचे दिवस वगळावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. काढा, हळदीचें दूध ह्यांनीं घशास आराम पडतो, पण त्यांनीं रोग टळत नाहीं. ऑसेल्टामिविर हें औषध आहे, परंतु पहिल्या ४८ तासांत सुरू झालें तर त्याचा खरा उपयोग, आणि तें डॉक्टरांनींच द्यावयाचें. ह्या तापांत मुलांस ॲस्पिरिन कधींहि देऊं नये; त्यापासून मेंदूस व यकृतास घातक असा विकार क्वचित् उद्भवतो.

टोंचून घेण्यास जाल तेव्हां कुपीवरील कागद वाचून पाहा. त्यावर कोणत्या वर्षाची व कोणत्या गोलार्धाची लस आहे तें छापलेलें असतें. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवावी लागते व ती गोठतां कामा नये. म्हणून औषधाच्या दुकानांतून विकत घेऊन उन्हांतून पिशवींत आणण्यापेक्षां दवाखान्यांतल्या शीतपेटींतील घेणें बरें. त्या दिवशीं अंगांत चांगला ताप असेल तर चार दिवस थांबावें. गर्भवतींस नाकांत फवारण्याची जिवंत विषाणूची लस देत नाहींत, सुईचीच देतात, एवढें विचारून घ्यावें. टोंचल्यावर पाव तास तेथेंच बांकावर बसावें, म्हणजे क्वचित् कोणास भोंवळ किंवा ॲलर्जी आली तर डॉक्टर जवळ असतात. आणि जो दाखला मिळेल तो घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. पुढील एप्रिलांत डॉक्टर प्रथम तोच मागतात.